वेबसाइटवरचं ‘सेशन’ कसं मोजतात? नाशिकच्या दुकानदार, हॉटेलवाले आणि क्लासवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

सेशन म्हणजे नक्की काय? माणूस, भेट की क्लिक?

तिन्हींपैकी सगळ्यात जवळचा शब्द ‘भेट’, पण तोही पूर्ण बसत नाही. एका ब्राउझरवरून साइटवर होणाऱ्या हालचालींचा सलग गठ्ठा म्हणजे सेशन. गठ्ठा कुठे संपला हे मोजणी करणारं टूल (सॉफ्टवेअर) एका नियमाने ठरवतं. बहुतेक टूलमध्ये हा नियम असा असतो: ३० मिनिटं काहीच हालचाल झाली नाही, की सेशन संपलं. त्यानंतरच्या पहिल्या हालचालीला नवं सेशन सुरू.

त्र्यंबकेश्वरच्या एखाद्या होमस्टेची साइट घ्या. ठाण्याच्या एका बाईंनी सकाळी ११:०५ ला मोबाइलच्या क्रोमवर गूगलमधून खोल्यांचं पान उघडलं. ११:०९ ला दरपत्रक पाहिलं, तेवढ्यात फोन आला. ११:३१ ला परत येऊन त्यांनी फोटो पाहिले. मध्ये साधारण २२ मिनिटं गेली, म्हणून सेशन तेच. मग स्वयंपाक, जेवण, आणि १२:२० ला त्याच टॅबमध्ये बुकिंगचं पान. आता अंतर ३० च्या पुढे गेलं, हे दुसरं सेशन. संध्याकाळी इन्स्टाग्रामवर त्याच होमस्टेची लिंक दिसली, ती इन्स्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडली. त्याच्या कुकी (ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखीच्या खुणा) वेगळ्या, म्हणून तिसरं सेशन आणि टूलच्या लेखी ‘नवा युजर’. रात्री यजमानांनी लॅपटॉपवरून बुकिंग केलं: चौथं सेशन, तिसरा युजर.

माणसं दोन, युजर तीन, सेशन चार, बुकिंग एक. यात टूलचं काही चुकलेलं नाही. त्याला माणूस दिसतच नाही, फक्त ब्राउझर दिसतो.

ही ३० मिनिटं पहिल्या क्लिकपासून मोजतात का?

नाही, शेवटच्या हालचालीपासून. दर हालचालीला घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. कोणी दर २० मिनिटांनी एक पान उघडत तीन तास बसलं, तरी ते एकच सेशन राहतं.

‘हालचाल’ म्हणजे काय, इथे लोक फसतात. पडद्यासमोर बसून वाचणं ही टूलच्या दृष्टीने हालचाल नाही. इव्हेंट पाठवला गेला तरच हालचाल: पान उघडलं, पानाच्या ९० टक्के खाली स्क्रोल झालं, फाइल डाउनलोड केली, टॅब बदलला वगैरे.

कॉलेज रोडवरच्या क्लासवाल्यांसाठी हे महत्त्वाचं आहे. साइटवर यूट्यूबचा ३ तासांचा व्हिडिओ लावलाय असं समजा. गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ (पुढे फक्त जीए४) व्हिडिओचे इव्हेंट सुरुवातीला, मग १०, २५, ५० आणि ७५ टक्क्यांवर आणि शेवटी पाठवतं. म्हणजे १८ व्या, ४५ व्या, ९० व्या, १३५ व्या आणि १८० व्या मिनिटाला. ४५ पासून ९० पर्यंत काहीच नाही, त्यामुळे सेशन तुटलं. पुढच्या दोन टप्प्यांतही तेच. विद्यार्थी एक, बैठक एक, माउसला हातही लावलेला नाही, आणि रिपोर्टमध्ये चार सेशन. हाच व्हिडिओ ४५ मिनिटांचा असता तर सगळ्यात मोठं अंतर सव्वाअकरा मिनिटांच्या आसपास राहिलं असतं आणि सेशन एकच दिसलं असतं.

मग ही ३० मिनिटांची मर्यादा (टाइमआउट) वाढवू का? कुठे बदलतात?

जीए४ मध्ये अ‍ॅडमिन, मग डेटा स्ट्रीम्स, तुमची वेब स्ट्रीम, ‘कॉन्फिगर टॅग सेटिंग्ज’, खालची पूर्ण यादी उघडा, ‘अ‍ॅडजस्ट सेशन टाइमआउट’. जास्तीत जास्त ७ तास ५५ मिनिटं ठेवता येतात. बदल फक्त पुढच्या डेटाला लागतो, मागचे आकडे तसेच राहतात. त्यामुळे ज्या दिवशी बदलाल ती तारीख कुठेतरी लिहून ठेवा. नाहीतर सहा महिन्यांनी ‘सेशन अचानक का घटले’ म्हणून शोधत बसाल.

लांब व्हिडिओचे क्लास सोडले तर आमचं मत ३० मिनिटांना हात लावू नये असं आहे. येवल्याच्या पैठणीचं दुकान असो की गंगापूर रोडवरचं रेस्टॉरंट, गिऱ्हाईक तासाभराने परत येतं तेव्हा ती खरंच दुसरी भेट असते.

रात्री १२ वाजता सेशन तुटतं का?

जीए४ मध्ये तुटत नाही. जीए४ च्या आधीच्या, जुन्या युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्समध्ये तुटायचं. मॅटोमो या दुसऱ्या टूलमध्ये आजही तुटतं, पण तो नियम सेटिंगमधून बंद करता येतो.

जीए४ मध्ये यातून एक गंमत होते. रात्री ११:५० ला सुरू झालेलं सेशन १२:१५ पर्यंत चाललं, तर ते दोन्ही दिवसांच्या खात्यात एकेकदा दिसतं, पण दोन दिवसांची एकत्र तारीख निवडली की एकच मोजलं जातं. म्हणून रोजचे आकडे एक्सेलमध्ये जोडून महिन्याची बेरीज करू नका. ती नेहमी थोडी जास्तच येणार.

आमच्या रिपोर्टमध्ये दिवस दुपारीच बदलतो. हे काय प्रकरण आहे?

प्रॉपर्टी (साइटचं जीए४ मधलं खातं) बनवताना टाइम झोन अमेरिकेचा, लॉस एंजेलिसचा राहून गेलाय. तिथली मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे १२:३०, हिवाळ्यात १:३०. त्यामुळे सकाळी आलेलं गिऱ्हाईक ‘कालचं’ दिसतं. अ‍ॅडमिनमध्ये प्रॉपर्टी डिटेल्स उघडा आणि रिपोर्टिंग टाइम झोन भारत, जीएमटी +५:३० करा. जुना डेटा दुरुस्त होत नाही, आणि बदलाच्या दिवशी आलेखात एक खड्डा किंवा उंचवटा दिसेल. त्याकडे दुर्लक्ष करा.

जुन्या गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये सेशन जास्त होते. गिऱ्हाईक घटलं का?

घटलंच असेल असं नाही, नियम बदललाय. युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स सेशन तीन कारणांनी तोडायचं: ३० मिनिटांची शांतता, मध्यरात्र आणि कॅम्पेन बदलणं. म्हणजे कोणी गूगलवरून आलं, पाच मिनिटांनी तुमच्या ईमेलमधल्या लिंकवर क्लिक करून पुन्हा आलं, की नवं सेशन. जीए४ मध्ये यातलं फक्त पहिलं कारण उरलं.

साध्या युनिव्हर्सल प्रॉपर्टींनी १ जुलै २०२३ पासून नवा डेटा घेणं थांबवलं आणि पुढे २०२४ मध्ये जुने रिपोर्टही बंद झाले. २०१५ च्या सिंहस्थाच्या वेळचे आकडे कोणी फाइलमध्ये उतरवून ठेवले असतील, तर २०२७ च्या आकड्यांशी त्यांची सरळ तुलना करू नका. ‘सेशन’ हे नाव तेच आहे, पण माप दुसरं.

कुंभाचा विषय निघालाच आहे तर एक काम आजच करून टाका. जीए४ मध्ये ‘एक्सप्लोरेशन’ (स्वतः बनवायचे रिपोर्ट) साठीचा डेटा मुळात २ महिनेच ठेवला जातो. अ‍ॅडमिनमध्ये डेटा रिटेन्शन १४ महिने करा. हा बदल उशिरा केला तर पुसला गेलेला डेटा परत मिळत नाही.

‘एंगेज्ड सेशन’ काय असतं? आणि बाउन्स रेट?

जीए४ मध्ये तीनपैकी एक गोष्ट घडली की सेशन एंगेज्ड धरतात: १० सेकंद किंवा जास्त चाललं, दोन किंवा जास्त पानं पाहिली, किंवा एखादा ‘की इव्हेंट’ झाला, उदाहरणार्थ चौकशीचा फॉर्म भरला. १० सेकंदांची अट ६० सेकंदांपर्यंत वाढवता येते, टाइमआउटच्याच पानावर. एंगेज्ड सेशनची टक्केवारी म्हणजे एंगेजमेंट रेट, उरलेल्यांची म्हणजे बाउन्स रेट. दोन्ही मिळून १०० होतात.

जुन्या व्याख्येत एकच पान बघून गेलेला माणूस बाउन्स होता, मग त्याने ते पान दहा मिनिटं वाचलेलं का असेना. नवी व्याख्या ब्लॉग आणि माहितीच्या साइटना जास्त न्याय देते.

आमचा एंगेजमेंट रेट ९८ टक्के आहे. छान ना?

छान नाही, टॅग (साइटवर लावलेला मोजणीचा कोड) बिघडलाय. बहुतेक वेळा एकच टॅग दोनदा लावलेला असतो: एकदा थीममध्ये, एकदा प्लगइनमधून, कधी वर टॅग मॅनेजरमधूनही. मग एक पान उघडलं की ‘पेज व्ह्यू’ दोनदा जातो, टूलला वाटतं दोन पानं पाहिली, आणि प्रत्येक सेशन एंगेज्ड ठरतं. सेशनची संख्या मात्र दुप्पट होत नाही, कारण दोन्ही टॅग एकच कुकी वाचतात. त्यामुळे गडबड लवकर लक्षात येत नाही.

दुसरं कारण, कोणीतरी ‘पेज व्ह्यू’लाच की इव्हेंट करून ठेवलेलं असतं. अ‍ॅडमिनमधल्या इव्हेंटच्या यादीत ते एका मिनिटात कळतं.

गूगल अ‍ॅड्स ५०० क्लिक दाखवतं, अ‍ॅनालिटिक्समध्ये ३८० सेशन. पैसे कुठे गेले?

हा वाद दर महिन्याला होतो: एजन्सी क्लिक मोजते, डेव्हलपर सेशन मोजतो आणि मालक आलेले फोन मोजतो. थोडा फरक नेहमीच राहणार. एकाच माणसाने अर्ध्या तासात दोनदा जाहिरातीवर क्लिक केलं तर क्लिक दोन, सेशन एक. पान उघडायच्या आधी मागे गेलेला माणूस क्लिकमध्ये असतो, सेशनमध्ये नसतो. घाटात रेंज गेली, पान पांढरंच राहिलं, त्याचंही तेच. अ‍ॅड ब्लॉकर लावलेला ब्राउझरही दिसत नाही.

फरक पाचवा हिस्सा किंवा जास्त असेल तर या क्रमाने तपासा. आधी जाहिरातीची लिंक स्वतः उघडून बघा. पत्ता दुसरीकडे वळत असेल आणि वळताना शेवटचा ‘जीसीएलआयडी’ हा जाहिरातीची ओळख सांगणारा तुकडा गळत असेल, तर सेशन येतं, पण ते जाहिरातीच्या नावावर लागत नाही. मग लँडिंग पेजवर, म्हणजे गिऱ्हाईक आधी येतं त्या पानावर, टॅग आहे का ते पाहा. जाहिरातीसाठी घाईत बनवलेल्या वेगळ्या पानावर टॅग लावायचा राहून जातो, ही सगळ्यात नेहमीची चूक. त्यानंतर मोबाइल डेटावर पान किती वेळात उघडतं ते मोजा, ऑफिसच्या वायफायवर नको.

होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमधलं एडब्ल्यूस्टॅट्स तर कितीतरी जास्त भेटी दाखवतं. खरं कोण?

दोघंही आपापल्या परीने. एडब्ल्यूस्टॅट्स सर्व्हरची लॉग फाइल वाचतं. सर्व्हरकडे जे जे मागितलं गेलं ते सगळं त्यात येतं, बॉटसकट (आपोआप फिरणारे प्रोग्राम). ओळखीचे बॉट ते वेगळे काढतं, पण क्रोमचं नाव लावून फिरणारे बॉट माणसांतच मोजले जातात. जीए४ चा टॅग ब्राउझरमध्ये चालतो, त्यामुळे जावास्क्रिप्ट न चालवणारे बॉट तिथे पोचतच नाहीत.

टाइमआउटही वेगळा: एडब्ल्यूस्टॅट्स ६० मिनिटं धरतं. शिवाय ते माणसाला आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) ओळखतं, आणि मोबाइल कंपन्या एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात. म्हणजे बॉटमुळे आकडा फुगतो आणि आयपीमुळे आटतो. धंद्याचा निर्णय यावर घेऊ नका. साइट बंद पडली होती का, कुठलं पान सापडत नाही, यासाठी मात्र लॉग फार कामाचा.

इतर टूल सेशन कसं धरतात?

मॅटोमो ‘व्हिजिट’ म्हणतं: ३० मिनिटं, मध्यरात्र, आणि कॅम्पेन बदललं तरी नवी व्हिजिट. म्हणजे बरंचसं जुन्या गूगलसारखं. अ‍ॅडोबी अ‍ॅनालिटिक्समध्ये ३० मिनिटांशिवाय आणखी तीन कात्र्या आहेत: सलग १२ तास झाले, २,५०० हिट (टूलकडे गेलेल्या नोंदी) झाल्या, किंवा १०० सेकंदांत १०० हिट आल्या की व्हिजिट संपते. शेवटच्या दोन मुख्यतः यंत्रांसाठी, माणूस तेवढ्या वेगाने क्लिक करत नाही.

प्लॉझिबल कुकी वापरत नाही. आयपी, ब्राउझरची माहिती आणि साइटचं नाव यांतून एक सांकेतिक ओळख बनवतं, आणि ती दर २४ तासांनी बदलते. त्यामुळे आजच्या दिवसातलं सेशन नीट कळतं, पण उद्या तोच माणूस नवा ठरतो. तिथे ‘महिन्याचे युनिक व्हिजिटर’ हा आकडा माणसांचा समजू नये.

लँडिंग पेजच्या रिपोर्टमध्ये ‘नॉट सेट’ का येतं?

टॅब उघडा ठेवून लोक कामाला जातात, हे त्याचं मुख्य कारण. समजा कोणी लासलगावचे कांद्याचे भाव दाखवणारं पान सकाळी उघडलं आणि टॅब तसाच ठेवला. दुपारी परत येऊन थोडं खाली सरकवलं किंवा टॅब बंद केला. ३० मिनिटं कधीच उलटलेली, म्हणून नवं सेशन सुरू झालं. पण पान नव्याने उघडलंच नाही, ‘पेज व्ह्यू’ गेला नाही. सेशन आहे, पहिलं पान नाही. म्हणून ‘नॉट सेट’.

भाव, स्कोअर, निकाल अशा साइटवर हे थोडंफार राहणारच. साध्या दुकानाच्या साइटवर प्रमाण मोठं असेल तर टॅग मॅनेजरमध्ये बघा, एखादा इव्हेंट मुख्य टॅगच्या आधी उडतोय का. सर्व्हरवरून इव्हेंट पाठवत असाल तर सेशन आयडी (सेशनचा ओळख क्रमांक) सोबत जातोय का तेही पाहा. तो नसेल तर इव्हेंट कुठल्याच सेशनला चिकटत नाही.

बुकिंगचं श्रेय पेमेंट गेटवेला जातंय. गिऱ्हाईक तर गूगलवरून आलं होतं!

गिऱ्हाईक पैसे भरायला गेटवेच्या पानावर जातं आणि परत येतं. परतताना टूलला वाटतं की गेटवेने पाठवलं. युनिव्हर्सलमध्ये इथे थेट नवं सेशन व्हायचं. जीए४ मध्ये सेशन तुटत नाही, पण की इव्हेंटचं श्रेय सरकू शकतं. आणि ओटीपी न आल्याने गिऱ्हाईक ३० मिनिटांच्या वर अडकलं, तर नव्या सेशनचा सोर्स गेटवेच होतो.

टॅग सेटिंग्जमध्ये ‘लिस्ट अनवॉन्टेड रेफरल्स’ आहे. तिथे गेटवेचा डोमेन टाका. बँकेचं ओटीपी मागणारं ३डी सिक्युअरचं पान मध्ये येत असेल तर तोही. यूपीआयने अ‍ॅपमध्ये जाऊन त्याच ब्राउझरमध्ये परत आलेल्या गिऱ्हाइकाचं सेशन टिकतं.

बुकिंग इंजिन दुसऱ्याच डोमेनवर असेल तर हा उपाय पुरत नाही. तिथे ‘कॉन्फिगर युअर डोमेन्स’मध्ये दोन्ही डोमेन लिहावे लागतात आणि दोन्हीकडे एकच टॅग लागतो. मग लिंकवर क्लिक केल्यावर पत्त्याच्या शेवटी ‘जीएल’ नावाचा लांबलचक तुकडा दिसतो. तो दिसला म्हणजे ओळख पलीकडे पोचली.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकली, तरी सगळं ‘डायरेक्ट’ दिसतं.

अ‍ॅपमधून आलेली लिंक सहसा कुठून आली ते सांगत नाही. लिंकला यूटीएम (लिंकच्या शेवटी जोडायची, ती कुठून आली ते सांगणारी खूण) जोडा: सोर्स व्हॉट्सअ‍ॅप, मीडियम सोशल, कॅम्पेनचं नाव द्राक्ष-हंगाम किंवा जे असेल ते. नेहमी एकाच लिपीत लिहा, आणि इंग्रजीत लिहिणार असाल तर सगळी अक्षरं लहान. मोठं अक्षर आलं की टूल त्याला वेगळा सोर्स समजतं.

साइटच्या आतल्या लिंकला, म्हणजे होमपेजवरच्या बॅनरला वगैरे, यूटीएम कधीही लावू नका. जीए४ मध्ये त्याने सेशन तुटत नाही, पण गिऱ्हाईक मुळात कुठून आलं या हिशेबात तुमचंच बॅनर घुसतं. मॅटोमोत तर सरळ नवी व्हिजिट होते.

आयफोनवरचे तेच तेच लोक ‘नवे’ का दिसतात?

सफारी जावास्क्रिप्टने ठेवलेली कुकी ७ दिवसांत पुसतं. जाहिरातीच्या लिंकवरून आलेल्यांसाठी ही मुदत २४ तासांपर्यंत खाली येते. सेशनच्या मोजणीला धक्का लागत नाही, युजरच्या मोजणीला लागतो. दोन-तीन आठवडे विचार करून होणाऱ्या बुकिंगमध्ये हे ठळक दिसतं.

नाशिकचं गिऱ्हाईक मुंबईचं दिसतं.

मोबाइल नेटवर्कचा आयपी पत्ता अनेकदा मोठ्या शहराच्या नावावर असतो. शहरापेक्षा राज्याच्या आकड्यावर विसंबा.

ऑफिसमधले आम्हीच दिवसभर साइट उघडतो. ते कसं वगळायचं?

टॅग सेटिंग्जमध्ये ‘डिफाइन इंटर्नल ट्रॅफिक’मध्ये ऑफिसचा आयपी टाका. एवढ्यावर बहुतेक जण थांबतात आणि काहीच वगळलं जात नाही. कारण अ‍ॅडमिनच्या ‘डेटा फिल्टर्स’मध्ये तो फिल्टर ‘टेस्टिंग’वर असतो, तो ‘अ‍ॅक्टिव्ह’ करावा लागतो. केल्यावर वगळलेला डेटा परत मिळत नाही, म्हणून आधी दोन दिवस टेस्टिंगमध्ये बघून घ्या.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत स्थिर आयपी असतो, तिथे हे नीट चालतं. घरगुती ब्रॉडबँडचा पत्ता बदलत राहतो. शिवाय ‘माझा आयपी’ शोधल्यावर चौथ्या आवृत्तीचा (आयपीव्ही४) पत्ता दिसतो आणि ब्राउझर सहाव्या आवृत्तीवरून (आयपीव्ही६) जात असतो. दोन्ही टाका.

दोन रिपोर्टमध्ये सेशनचा आकडा थोडा वेगळा का?

जीए४ सेशन आणि युजर एकेक करून मोजत नाही, एका गणिती पद्धतीने अंदाज काढतं. थोडा फरक त्यामुळेच. शिवाय गेल्या २४ ते ४८ तासांचे आकडे अजून पक्के झालेले नसतात, सोमवारी सकाळी रविवारचा रिपोर्ट काढून घाबरू नका.

नेमका आकडा हवा असेल तर बिगक्वेरीत (गूगलच्या डेटाबेस सेवेत) डेटा उतरवा आणि युजरची ओळख व सेशन आयडी जोडून वेगवेगळ्या जोड्या मोजा. नुसता सेशन आयडी मोजला तर चुकेल. तो म्हणजे सेशन सुरू झालं त्या सेकंदाचा आकडा असतो, आणि एकाच सेकंदाला दोघं आले तर दोघांचा आयडी सारखाच. कुकीला नकार दिलेल्यांच्या ओळींत ही ओळख रिकामी येईल, त्या ओळी वेगळ्या ठेवा.

आमचं सेशन बरोबर मोजलं जातंय का, हे स्वतः कसं बघायचं?

क्रोममध्ये आधी सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्या बंद करा, नाहीतर जुनी कुकी शिल्लक राहते. नव्या इन्कॉग्निटो खिडकीत टॅग असिस्टंट या गूगलच्या टॅग तपासायच्या साधनातून साइट जोडा आणि दुसऱ्या खिडकीत जीए४ चं डीबगव्ह्यू (आलेले इव्हेंट लगेच दाखवणारं पान) उघडा. पहिलं पान उघडल्यावर ‘फर्स्ट व्हिजिट’, ‘सेशन स्टार्ट’ आणि ‘पेज व्ह्यू’ प्रत्येकी एकदाच दिसले पाहिजेत. ‘पेज व्ह्यू’ दोनदा आला तर वरचं ९८ टक्केवालं उत्तर पुन्हा वाचा. ‘पेज व्ह्यू’वर क्लिक करून सेशन आयडी कागदावर टिपा, दहा आकडी असतो. दुसरं पान उघडा, तोच आयडी असायला हवा. बुकिंगच्या पानावर जा, तिथेही तोच. बदलला तर डोमेनची जोडणी तुटलेली आहे.

मग टॅब तसाच ठेवून ३५ मिनिटं दुसरं काम करा. परत येऊन नवं पान उघडा. आता दुसरं ‘सेशन स्टार्ट’ आणि नवा आयडी दिसेल. तो आयडी हा सेकंदांचा आकडा असल्यामुळे त्यातून पहिला वजा केला, तर पहिलं सेशन सुरू झाल्यापासून दुसरं सुरू होईपर्यंत किती सेकंद गेले ते थेट मिळतं. तुम्ही ३५ मिनिटं थांबलात, म्हणून ते २,१०० च्या वरच येणार. ३५ मिनिटांनीही नवा आयडी आलाच नाही, तर तुमच्या प्रॉपर्टीत कोणीतरी टाइमआउट आधीच वाढवून ठेवलाय.